शंख वाजत होता तेव्हा

प्रिय इलियास,

राजनौकेची शिवण सैल झालीये. डाव्या कुशीतून पाणी आत येतं. गेल्या महिन्यात मी शेजारच्या बेटावर जायला निघाले, तर दोन माणसं सारखी पाणी उपसत होती आणि मी पाय वर घेऊन बसले होते. राणीनं असं पाय वर घेऊन बसणं शोभत नाही, असं सनफा दाईचं म्हणणं. मी म्हटलं, ओल्या पायांची राणी तरी कुठं शोभते. इथल्या सुतारांनी काथ्या दोनदा बदलून पाहिला. पण ही माणसं दोरी नुसती ओढतात. भोकात काथ्याचा चुरा ठासून, मग फळीवर पाय देऊन, श्वास रोखून जी गाठ मारायची, ती त्यांना येत नाही. तर हे पत्र त्या नौकेबद्दल आहे असं समज. निदान सुरुवातीला तरी तसंच समज.

पत्र दाऊद नाखव्याबरोबर पाठवतेय. तुझ्या हेराफुशीला तो सुकी मासळी भरायला येतोच, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. ताडपत्रं ओवून पाठवलीत, त्यांचा क्रम मोडू नकोस. कागद इथं फक्त कुराणासाठी आणि किताबांसाठी वापरतात. राणीसुद्धा पानावर लोखंडी लेखणीनंच ओरखडते. जिथं पान चिरलंय तिथं मला राग आला होता असं समजून वाच. तुला अक्षरं जुळवायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे. दाऊदला थांबायला सांगितलंय. फक्त दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, तुझ्या बहिणीकडून तर नाहीच. तिच्या कानी पडलं की हुवादूच्या सगळ्या बेटांवर दवंडी पिटल्यासारखंच.

इथलं सांगते. सनफा दाई म्हातारी झाली, पण जीभ तशीच आहे. परवा वजिराच्या आईला तोंडावर म्हणाली, "तुमचा मुलगा दारातल्या रांजणावर पाय धुतो तेव्हा आमचं निम्मं पाणी संपतं. चिखल आतला आहे, तो पायावर पाणी ओतून कसा जाईल?" वजिराची आई महिनाभर फिरकली नाही. काझी उबैदसाहेब यमनहून आले तेव्हा तू इथंच होतास. आपल्या बायका कमरेच्या वर काही घालत नाहीत म्हणून ते किती बिथरले होते, आठवतं ना? पहिल्या वर्षी हुकूम काढला, दुसऱ्या वर्षी रागावले, तिसऱ्या वर्षी दमले. आता छताकडे बघून न्याय देतात. पण न्याय चांगला देतात, हे मात्र कबूल करायला हवं. छताकडे बघणाऱ्याला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही, आणि ते बरंच असतं.

मध्यंतरी उत्तरेकडच्या एका बेटावरची बाई तक्रार घेऊन आली. खदिजा नावाच्या तिच्या मावशीनं तिला होडीत बसवून दिलं होतं आणि मावशी सोबत रडायलाही आली होती. तक्रार नवऱ्याची. मासळीचा हंगाम आला की तो हिच्याशी निकाह लावायचा, हंगाम संपला की तलाक देऊन आपल्या बेटावर परत. पुढच्या हंगामाला पुन्हा दारात हजर. आपल्याकडे ही काही नवी गोष्ट नाही. बाई म्हणाली, "रेहेंदी, आमच्या राणी, त्याला एकदाचं सांगा, राहायचं तर राहा नाही तर जा. मला दर वेळी घर नव्यानं लावावं लागतं." काझीसाहेबांनी छताला विचारलं, किती वेळा तलाक झालाय. तीन वेळा झाला होता. मग ते म्हणाले, संपलं. एकदा दिला, दोनदा दिला, तोवर पुन्हा निकाह लावता येतो. तीन झाले की ती त्याची राहत नाही. मधे दुसऱ्या कुणाची बायको होऊन सुटल्याशिवाय त्याला परत मिळत नाही. बाईनं मावशीकडे पाहिलं, मावशीनं तिच्याकडे, आणि दोघी अशा हसल्या की रडायला आल्या होत्या ते विसरूनच गेल्या. ती बाई गेली, पण तिचा खटला माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचं कारण पुढं सांगते.

तू पुन्हा लग्न केलं होतंस, असं ऐकलं. आणि मोडलंस, असंही ऐकलं. दाऊदला मी काही विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. अगदीच खोटं नको, एक-दोनदा विचारलं. तो म्हणाला, बाई चांगली होती, नीरफणस छान भाजायची, पण इलियास संध्याकाळी पुळणीवर बसून राहतो आणि बोलत नाही, ते तिला झेपलं नाही. मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या दिवशी मी सनफाला न सांगता दोनदा जेवले.

आता वजिराकडे येते, कारण तो मधे आल्याशिवाय इथलं काहीच पुढं सरकत नाही. सिराजुद्दीन अजून वजीर आहे. दरबाराचे पहारेकरी त्याच्या चुलत्याच्या हाताखाली आहेत. परदेशी व्यापारी आधी त्याच्या अंगणात जातात, मग माझ्या. वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही, कामाला वाघ आहे. पण त्याला माझ्याशी लग्न करायचंय. त्याला मी नकोय, माझी आसंदी हवीये, आणि मी त्या आसंदीवर बसते म्हणून माझ्यासकट चालेल. या वर्षी त्यानं सभेत उघडच सांगितलं. रमजानचा चंद्र दिसेपर्यंत रेहेंदीचा निकाह झाला नाही, तर जुम्याच्या नमाजातल्या खुतब्यात राज्यकर्ती म्हणून तिचं नाव वाचणार नाहीत. माझ्या काकांच्या नातवाचं वाचतील. तो अजून आईच्या हातून घास घेतो. त्याच्या नावानं राज्य कोण करेल हे सांगायला काझी लागत नाही. खुतबा वाचणारे खतीब वजिराच्या बाजूचे झालेत. म्हणजे लग्न, नाही तर गादी सोडणं, एवढंच माझ्यासमोर ठेवलंय.

तू म्हणशील, सोड ना मग. तू पूर्वीही म्हणाला होतास. पण इलियास, मला हे काम आवडतं. हे आई गेल्यावर मी कुणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळ बोलतेय. सकाळी अंगणात बसावं, लोकांनी येऊन भांडावं, कुणाचा माड कुणाच्या वाडीत कलला, कुणी कुणाच्या खाजणात कवड्या वेचल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते भांडण मिटावं, यात मला सुख आहे. मी हे चांगलं करते. माझ्याआधी गादीवर असलेल्या माझ्या भावापेक्षा तर नक्कीच चांगलं करते, अल्ला त्याला क्षमा करो. गादी मला आयती मिळाली, पण मी ती आयती वापरली नाही. त्या घास खाणाऱ्या पोराला मी ती देणार नाही.

पण मला हेराफुशीही आठवतं. सुलतानानं आईला सोडलं आणि ती मला कडेवर घेऊन माहेरी परतली, तेव्हा बेटावरच्या कुणाला वाटलं असेल की हे पोर पुढं राणी होईल? तुला तर मुळीच नाही. तू मला पहिल्यांदा पाहिलंस ते काथ्या कुटताना, आणि म्हणालास, "सुलतानाची मुलगी आहेस म्हणतात, पण मोगरी धरतेस सुताराच्या पोरीसारखी." ती स्तुती होती हे मला निकाहानंतर कळलं. त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? ते वाळूचं बेट. आपण मासळीला निघालो होतो, सुकाणूची दोरी तुटली आणि ओहोटीनं आपल्याला त्या उघड्या पुळणीवर नेऊन सोडलं. दुपार झाली, भूक लागली. होडीत भाजलेली मासळी होती, माडाचा गूळ होता, नीरफणस होता. आपल्यात बायका नवऱ्यासमोर जेवत नाहीत. बायको काय खाते, किती खाते, हे नवऱ्याला म्हातारपणीसुद्धा माहीत नसतं. तिथं आडोसा म्हणून एक झुडूपही नव्हतं. तू बिचारा माझ्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत बसलास, मला जेवता यावं म्हणून. ऊन डोक्यावर आलं तरी मान वळवली नाहीस. शेवटी मीच म्हटलं, फीर इकडे. तू फिरलास. आपण एकाच पानात जेवलो. तू बराच वेळ बघत होतास आणि म्हणालास, "तू डाव्या बाजूनं चावतेस." माझ्या आईलाही हे माहीत नव्हतं. जगात एकट्या तुला माहीत आहे.

मग भाऊ तापानं गेला आणि राजधानी माल्याहून ती राजनौका आली, तिची शिवण तेव्हा घट्ट होती. तू माझ्याबरोबर आलास. महालात तुझं कसं जात होतं हे मला दिसत होतं. हातातली लाकूड तासायची वाकस काढून घेतली, रेशमी कापड दिलं, आणि तू दिवसभर खांबांचे सांधे बघत फिरायचास. सरदार लोक तुझ्या मागं हसायचे. तुला ते कळत होतं, पण तुला त्यापेक्षा खांबाचा सांधा चुकलाय याचं जास्त वाईट वाटायचं. मग सभा म्हणाली, होडी शिवणाऱ्याच्या बायकोचं नाव खुतब्यात वाचायला खतीबांची जीभ उचलत नाही. मी भांडायला उठले तर तू म्हणालास, "रुकू, तुला हे काम येतं. मला इथं काही येत नाही. मी जातो." मी तुला थांबवलं नाही. तू तुझ्या मनानं निघालास आणि मी माझ्या मनानं राहिले. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली नाही आणि स्वतःवरही नाही. राणी झाल्यापासून मला रुकू म्हणणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

तलाकचा तो दिवस तुला आठवत असेलच, पण माझ्या जागेवरून तो कसा दिसला ते तुला माहीत नाही. सभा भरली होती. मी आसंदीवर, काझीसाहेब तुझ्या शेजारी, वजीर माझ्या उजवीकडे. सरदारांच्या घरातली रीत म्हणजे तीन तलाक एका दमात, परतीची वाटच नको. तुला तसंच सांगून ठेवलं होतं. तू पुढं आलास, एकदा "तलाक" म्हणालास. आणि वजिराला दम निघेना. त्यानं हात वर केला, शंख फुंकला गेला, नगारे सुरू झाले. त्या गोंगाटात तू रिवाजाप्रमाणे माझ्या पायाशी कापड ठेवायला वाकलास. तुझा चेहरा खाली होता. ओठ हलले की नाही, मला दिसलं नाही. तू उठलास तेव्हा ते मिटलेले होते. राणीच्या पायाशी एक कापड आणि वजिरासाठी दुसरं, असा रिवाज आहे. तू एकच ठेवलंस आणि निघून गेलास. वजिराला त्या दुसऱ्या कापडाचा राग अजून आहे. शंख थांबला तेव्हा सगळे तीन तलाक झाल्यासारखे उठले, आणि कुणी विचारलंच नाही. ज्यानं घाई केली त्यालाच ते सुचलं नाही.

त्यानंतर सात वर्षं मी वजिराला कशी टोलवली ते एकदा तुला बसून सांगेन, खूप हसशील. आधी तलाकनंतर थांबायची इद्दत, मग भावाचं सुतक, मग आईचं, मग मशिदीचं बांधकाम पुरं होईपर्यंत नवस, मग माझ्या ज्योतिषानं माझ्या पत्रिकेत असं काही मूळ नक्षत्र शोधलं की ते संपता संपेना. आता सबबी संपल्या. तेव्हा त्या उत्तरेकडच्या बाईचा खटला झाल्यावर, पुढच्याच सभेत मी म्हटलं, ठीक आहे, निकाह करते. वजिराचा चेहरा उजळला. मी म्हटलं, माझ्या पहिल्या नवऱ्याशी. वजीर म्हणाला, "रेहेंदी, तीन तलाक झालेत. अख्खी सभा साक्षी आहे." काझीसाहेबांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी त्याच्या शेजारी उभा होतो. मी एक ऐकला. बाकीचे ऐकले असतील तर शंखानं ऐकले असतील." म्हातारा खजिनदार म्हणाला, मग शंखाला साक्षीला बोलवा. त्या सभेत पहिल्यांदाच सगळे हसले, पहारेकरीसुद्धा. मी काझीसाहेबांना नंतर विचारलं, हे इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत. ते म्हणाले, मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता निवाडा देणारा काझी नसतो, शेजारी असतो.

पण सभेनं ठरवलं ते ऐक, कारण आता ते तुझ्यापर्यंत येतंय. किती म्हणाला हे एकट्या इलियासला माहीत आहे, त्यालाच शपथेवर विचारायचं. एक म्हणाला असेल तर रेहेंदीनं खुशाल त्याच्याशी निकाह लावावा, खुतबा तिच्याच नावानं चालेल; वजिराच्या अटीत निकाह होता, कुणाशी ते नव्हतं. तीन म्हणाला असेल तर तिनं वजिराशी निकाह लावावा, नाही तर उतरावं. मी मान्य केलं. विचारायला काझीसाहेबांचा नायब निघालाय, तो सरळ माणूस आहे. पण तो वजिराच्या नौकेतून येतोय, आणि वजिराची माणसं त्याच्या आधी उतरून तुझ्या घरी येतील. ती तुला हुवादूची सरदारकी देऊ करतील. तू नको म्हणालास की दूरच्या एखाद्या ओसाड बेटावर धाडायची भाषा करतील. ती नौका वाटेत प्रत्येक बेटावर मेजवानी झोडत येते. दाऊद त्यांच्या आधी पोचेल. म्हणून हे पत्र. राजनौकेची शिवण खरंच सैल झालीये, पण ती काही एवढी घाईची नव्हती.

तर हे फर्मान नाही. यावर मोहोर नाही, तू बघितलंच असशील. काय सांगायचं ते मी सांगणार नाही. मी लोकांना रोज खरं बोलायला लावते, तुझ्या तोंडात खोटा शब्द घालून मला ती गादी नको. आणि खरं काय ते मला माहीत नाही, इलियास. सात वर्षं मी त्या वाकलेल्या पाठीकडे बघतेय आणि मला माहीत नाही. तीन म्हणाला असशील तर नायबाला तीनच सांग, मी वजिराशी निभावून नेईन, नाही तर काथ्या कुटायला हेराफुशीला येईन, मोगरी धरायला विसरले नाही. पण मग मला एवढं कळवून दे की शंख वाजत असताना, कुणी ऐकत नसताना, उरलेले दोन म्हणायची तुला एवढी काय निकड होती. आणि एकच म्हणाला असशील, तर तो एकावर का थांबलास हे मात्र नायबाला सांगू नकोस, ते माझ्यासाठी ठेव. त्यांच्यासमोर शपथ घे आणि दाऊदच्या होडीतून ये. वाकस घेऊन ये, कुणी काढून घेणार नाही. दारातल्या रांजणावर पाय धू. वजिरासाठी कापड आणू नकोस. त्या दिवशी मी सभेतच पान मांडायला सांगेन, मासळी, नीरफणस, माडाचा गूळ, आणि तुझ्यासमोर बसून जेवेन. सगळ्या सरदारांनी बघितलं तरी चालेल. कुठल्या बाजूनं चावते ते त्यांनाही कळू दे.

तू सांगशील त्यावर ठरेल, पण मी लिहून टाकते,
तुझीच,
रुकू